मापाचे शर्ट आणि लाल कोट

आमच्याकडे इतिहास शुक्रवारी घडतो. बाकीचे दिवस सगळ्यांना ड्यूटी असते. कोरेगावची लढाई एक जानेवारी १८१८ ला झाली हे मला चालता येण्याआधीपासून माहीत आहे, पण मस्कतमध्ये ती एक जानेवारीच्या आसपासच्या शुक्रवारी, दुपारच्या जेवणानंतर सुरू होते आणि हॉलवाला दिवे बंद करेपर्यंत चालते. जयंतीही शुक्रवारी. बुद्धपौर्णिमासुद्धा शुक्रवारी; चंद्राला कोणी विचारत नाही.

मागच्या वर्षी, म्हणजे २००३ ला, कमिटीने ठरवलं की नुसती भाषणं पुरे, स्टेजवर सैनिक आणायचे. कल्पना चांगली होती. पेशव्यांच्या बाजूने उभं राहायला कोणीच तयार होईना, म्हणून शत्रू कॅसेटवर घेतला. आपल्या बाजूचे सैनिक मात्र खरेखुरे, आणि त्यांना लाल कोट हवेत. कुणाच्या तरी ओळखीने एका हॉटेलच्या लाँड्रीतून दरवानांचे लाल कोट आणले. सोनेरी बटणं, खांद्यावर झिरमिळ्या. माझे पप्पा त्यातला एक घालून हॉलच्या दाराशी उभे राहिले, पाहुण्यांचं स्वागत करायला, १८१८ सालचा शूर शिपाई म्हणून. तेवढ्यात प्रमुख पाहुण्यांची गाडी आली. मोठ्या कंपनीतले मोठे साहेब. त्यांनी पप्पांकडे बघून छान स्माईल दिलं, त्यांच्या हातात गाडीची किल्ली ठेवली, "सावलीत लाव" म्हणाले आणि आत गेले.

पप्पांनी गाडी सावलीत लावली. काय करणार, मागे तीन गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

माझे पप्पा, सदानंद, मेंटेनन्स इंजिनिअर आहेत. त्यांच्या हाताखाली अख्खा प्लांट चालतो. घरी येताना गाडी तेच चालवत होते. आईने, म्हणजे ललिताने, मागच्या सीटवरून फक्त एवढंच विचारलं, "टिप दिली का त्यांनी?" पप्पांनी आरशातून बघितलं, तेव्हा ती खिडकीबाहेर बघायला लागली.

म्हणून यंदा कमिटीने ठराव केला: हॉटेलचे कोट नकोत. अस्सल कोट. जसे तेव्हा होते, तसेच्या तसे, शिवून घ्यायचे.

अस्सल म्हणजे कसे, याची जबाबदारी प्रेमानंदकाकांकडे. प्रेमानंदकाका ऑफिसात डॉक्युमेंट कंट्रोलमध्ये आहेत, म्हणजे कुठल्या कागदाची कितवी प्रत खरी हे सांभाळतात, त्यामुळे इतिहासाची कॉपी कंट्रोल्ड आहे की अनकंट्रोल्ड याची त्यांना फार काळजी असते. माझी मैत्रीण भावना त्यांची मुलगी. तिच्या शाळेच्या डायरीवरसुद्धा रिव्हिजन नंबर असतो. काकांनी पुण्याच्या एका मित्राकडून जुन्या चित्राची प्रत मागवली. मित्राने ती फॅक्सने पाठवली. फॅक्समध्ये एक माणूस होता. तो वरपासून खालपर्यंत काळा होता.

"कोट लाल," काका म्हणाले.

"ते माहितीये. कॉलर?" पप्पांनी विचारलं.

काकांनी फॅक्स उजेडात धरला. मग चष्मा काढून धरला. मग सगळ्यांनी एकेकदा धरला. कुणाला पिवळी दिसली, कुणाला पांढरी, आणि एका काकांना स्पष्ट हिरवी दिसली. काळ्या रंगाच्या इतक्या छटा मी आयुष्यात पाहिल्या नव्हत्या. शेवटी हात वर करून मतदान झालं आणि १८१८ सालची कॉलर सात विरुद्ध पाच मतांनी पिवळी ठरली. आम्ही घटना मानणारे लोक आहोत.

आता माझं. मी नववीत आहे आणि यंदापासून मला आवाज आहे. आठवीपर्यंत तो नव्हता. म्हणजे होता, पण वर्गात हजेरी देतानासुद्धा टीचर दोनदा नाव घ्यायच्या. मग गाइड्समध्ये आमची लीडर आजारी पडली आणि मॅडमनी मला पुढे ढकललं. मी डोळे मिटून "सावधान" म्हणाले. अख्खं ग्राउंड उभं राहिलं, शेजारच्या पीटीच्या तासाची मुलंसुद्धा. एक प्यून पण. त्या दिवसापासून मी लीडर आहे आणि घरी आईला वाटतं मला ताप आलाय, एवढं मी बोलते.

तर कमिटीला कवायत येत नव्हती आणि मला येत होती. पप्पांनीच मला नेलं. अल मवालेहला आमच्या बिल्डिंगच्या मागे मोकळी जागा आहे, नुसती खडी. तिथे दर शुक्रवारी सकाळी मी बारा काकांना लेफ्ट-राइट शिकवायची. खांद्यावर बंदुकीऐवजी पोछ्याचे दांडे. मी "दाहिने मुड" म्हटलं की सहाजण उजवीकडे वळायचे, पाचजण डावीकडे, आणि एकजण मोबाईलवर "इन्शाल्ला अर्बाब, कल सुबह हो जाएगा" असं मालकाला सांगत सरळ चालत जायचा.

शेजारच्या व्हिलातले ओमानी आजोबा फाटकात खुर्ची टाकून हे सगळं बघायचे. एकदा त्यांनी पप्पांना विचारलं, "रियादा?" म्हणजे व्यायाम का? कोरेगाव, पेशवे आणि ईस्ट इंडिया कंपनी एवढं अरबीत सांगणं पप्पांना शक्य नव्हतं. त्यांची अरबी 'यल्ला'ला सुरू होते आणि 'खलास'ला खलास होते. "रियादा, रियादा," पप्पा म्हणाले. आजोबांनी एका ओळीत उभ्या असलेल्या बारा पोटांकडे बघितलं, सहानुभूतीने मान हलवली, आणि पुढच्या शुक्रवारपासून ताटभर खजूर पाठवायला लागले. बारापैकी सातजणांना शुगर आहे. ताट रिकामं परत जायचं.

तिसऱ्या शुक्रवारी मी प्रेमानंदकाकांना सांगून टाकलं.

"काका, मी पण कोट घालणार आहे."

"तू स्वागतगीतात आहेस की, बेटा."

"स्वागतगीतात मी दुसरीपासून आहे. आता मला लढायचंय."

"त्याला ऐतिहासिक सत्य म्हणतात," काका समजावून सांगायच्या आवाजात म्हणाले. "त्या पलटणीत मुली होत्या का?"

"शुगरची गोळी घेणारे होते का?"

"प्रणाली," पप्पा म्हणाले. पप्पा एवढंच म्हणतात, पण त्यात सगळं येतं.

"नाही, म्हणजे काका दरवर्षी भाषणात सांगतात ना," मी हळू आवाजात म्हणाले, हळू म्हणजे माझ्या नव्या हळूमध्ये, "की ते रात्रभर शिरूरहून चालत आले आणि दिवसभर अन्नपाण्यावाचून लढले. आणि आपण आत्ता दहा मिनिटं चाललो आणि तिघं गाडीत एसी लावून बसलेत."

काकांनी गाडीकडे बघितलं. गाडी त्यांचीच होती. "हे बघ," ते म्हणाले, "माणसं बारा, कापड बारा कोटांचं. एखादा कोट उरला, तर तू घाल. माझा शब्द आहे."

उरतो कसा? पण शब्द शब्द असतो. भावनाने तो ऐकला होता. मी तिला रिव्हिजन नंबर घालायला सांगितला.

मला कोट का हवा होता, तर कवायत मी शिकवली होती म्हणून. ज्यांना डावा पाय कुठला हे मी सांगितलं, ते स्टेजवर लाल कोटात उभे राहणार, आणि मी बाजूला पांढऱ्या साडीत हातात फुलं घेऊन 'या या पाहुण्यांनो' म्हणणार. याला काय ऐतिहासिक सत्य म्हणायचं ते म्हणा.

कोट शिवणार होते सहमचे हुसैनमियाँ. सहम म्हणजे मस्कतहून दोनशे किलोमीटर वर, बातिना किनाऱ्यावर. मस्कतचे टेलर फॅक्स बघूनच हसायला लागले होते. सहममध्ये पंपांच्या दुकानात आमचे उत्तमकाका काम करतात, कणकवलीकडचे. ते आमच्या समाजाचे नाहीत, पण जेवणाला आणि जयंतीला पहिल्या रांगेत असतात. ते म्हणाले, "आमचो हुसैनमियाँ काय पण शिवता. परदे शिवता, अरबांचे दिशदाशा शिवता, एकदा उंटाची झूल शिवल्यान."

उंटाची झूल ऐकून पप्पांचं समाधान झालं. आम्ही लाल कापडाचे तागे घेऊन गेलो. हुसैनमियाँनी फॅक्स हातात घेतला, उलटा केला, परत सुलटा केला.

"इंजिनिअर साहब, ये आदमी कौन है? जल गया क्या?"

पप्पांनी समजावून सांगितलं. बंद गळा, पिवळी कॉलर, पुढे दोन्ही बाजूंना पांढऱ्या पट्ट्या, कंबरेपर्यंत आखूड, मागे छोट्या शेपट्या, आणि अंगाला घट्ट.

"हो जाएगा. आदमी लोग को भेजो, नाप लूँगा."

"आदमी लोग को टाइम नहीं है. ड्यूटी है."

"लड़ाई का टाइम है?" हुसैनमियाँ म्हणाले. मग त्यांनी टेप गळ्याभोवती परत टाकला. "तो नमूना भेजो. हर आदमी का एक शर्ट, फुल बाजू. जो उसको बराबर बैठता है."

हे आम्हाला नवीन नव्हतं. आई वर्षानुवर्षं टेलरला मापाचा ब्लाउज देते. जगात कुठेही जा, मराठी बाई टेपवर विश्वास ठेवत नाही, मापाच्या ब्लाउजवर ठेवते. पप्पा खूश झाले. बारा माणसांना सहमला नेण्याऐवजी बारा शर्ट नेणं हे इंजिनिअरिंगच्या दृष्टीनेही बरोबर होतं. त्यांनी सगळ्यांना फोन केला: "मापाला एक शर्ट द्या. फुल बाह्यांचा. चांगला."

'चांगला' हा शब्द पप्पांनी आपल्या मनाचा घातला होता.

आता पुरुषांच्या कपाटाचा अभ्यास करा. रोज ड्यूटीवर घालायचे जे शर्ट असतात ते अंगाला बसतात, पण त्यांच्या कॉलरी विरलेल्या असतात, खिशावर पेनाची शाई असते, आणि शिवाय ते उद्या ड्यूटीवर लागतात. असला शर्ट टेलरकडे कोण पाठवेल, लोक काय म्हणतील? मग बॅगेच्या तळातून एक शर्ट निघतो. कडक, कोरा, घडीवर रेघ. तो एवढा चांगला राहिलाय, कारण गेल्या दहा-बारा वर्षांत तो घालताच आलेला नाही. बाराच्या बारा काकांच्या घरी हेच झालं आणि कुणीही कुणाला विचारलं नाही.

मी आणि भावना शर्ट गोळा करत फिरलो. पिशवीला डांबरगोळ्यांचा एवढा वास येत होता की लिफ्टमध्ये एक बाई शिंकायला लागली.

आईने घरी पिशवी उघडली आणि वरचाच शर्ट नाकाला लावला. "हे आत्ताचे नाहीत, अहो."

"मग?"

"मापाचा कपडा आत्ता अंगाला बसणारा लागतो. घालून, बटणं लावून, खाली बसून बघायचा आणि मग द्यायचा. बाईमाणसाला विचारा कुठल्याही."

"ललिता, हा ब्लाउज नाहीये. मिलिटरीचा कोट आहे."

"बरं," आई म्हणाली. आईचं 'बरं' जपून ऐकावं लागतं. पण ते ऐकायला पप्पांना वेळ नव्हता. ते स्वतःचा शर्ट शोधत होते. शेवटी एक क्रीम कलरचा काढला. मी तो कधी पाहिला नव्हता.

"हा?" आई म्हणाली.

"हा माझा शुभ शर्ट आहे. हा घालूनच मी पहिल्यांदा इकडे आलो."

"माहीत आहे. एअरपोर्टला मीच आले होते सोडायला," आई म्हणाली, आणि तिने तो घडी करून पिशवीत सगळ्यात वर ठेवला.

कोट आले ते कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, उत्तमकाकांच्या पिकअपमधून, पंपाच्या खोक्यांवर चादर टाकून तिच्यात गुंडाळून. आमच्या हॉलमध्ये सगळे काका जमले होते. चादर उघडली आणि खरं सांगते, सगळे एकदम पुढे झुकले. लाल म्हणजे लाल. पिवळी कॉलर ताठ उभी, छातीवर पांढऱ्या पट्ट्यांच्या ओळी, पाठीमागे दोन छोट्या शेपट्या. हुसैनमियाँनी फॅक्समधल्या जळलेल्या माणसाला जिवंत केलं होतं. फक्त एक गोष्ट. प्रत्येक कोटाला डाव्या छातीवर पेनचा खिसा होता.

"खिसा कशाला?" प्रेमानंदकाका ओरडले नाहीत, पण आवाज चिरकला. "हे कुठल्या चित्रात आहे?"

"शर्टात होतो," उत्तमकाका म्हणाले. "नमुन्यात होतो म्हणान घातल्यान."

"राहू दे, त्याच्यावरून खांद्यापासून पांढरा पट्टा येतो आडवा," पप्पा म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. त्यांना किल्ली आठवत असणार. त्यांनी स्वतःचा कोट उचलला, उजवा हात घातला. डावा हात घातला. म्हणजे घालायला गेले. डावा हात कोपरापर्यंत गेला आणि तिथे थांबला.

"बाही उलटी आहे वाटतं," ते म्हणाले.

बाही सुलटी होती. पलीकडे प्रेमानंदकाकांचे दोन्ही हात आत गेले होते, पण आता ते खाली येत नव्हते. विमानतळावर सामान तपासताना उभं करतात तसे ते उभे होते. एका काकांनी श्वास रोखून गळ्याचं बटण लावलं आणि मग त्यांना बोलता येईना. दुसऱ्या एकांनी पोट आत ओढून मधलं लावलं. ते बटण उडालं आणि आमच्या टीव्हीला लागलं. पाच मिनिटांत आमचा हॉल लाल कोटातल्या अडकलेल्या माणसांनी भरला. मी आणि भावना एकमेकींकडे बघत नव्हतो. बघितलं असतं तर आम्हाला त्या दिवशी घराबाहेर काढलं असतं.

आई चहाचा ट्रे घेऊन आली, दारात थांबली, आणि कुणालाही काही न म्हणता ट्रे ठेवून परत आत गेली. ते मात्र फार लागलं पप्पांना.

पप्पांनी हुसैनमियाँना फोन लावला, स्पीकरवर.

"हुसैनमियाँ, कोट छोटा हो गया. सब का."

"सब का? बारह का बारह?"

"हाँ."

"तो साहब, कोट छोटा नहीं हुआ," पलीकडून शांतपणे उत्तर आलं. "मैंने टेप लगाके देखा, शर्ट से आधा इंच इधर-उधर नहीं. मैं तो सोच रहा था, माशाल्ला, कितने दुबले लोग हैं आपके."

"खोल सकते हैं? साइड से?"

"अंदर कपड़ा छोड़ा नहीं. आप बोले थे टाइट. और कल जुम्मा है, दुकान बंद."

पप्पांनी फोन ठेवला. उत्तमकाका म्हणाले, "तुमी दिलास तो शर्ट, त्या शर्टाच्या मापान शिवल्यान. तेची काय चूक?" आणि त्यांनी चहा घेतला. त्यांना कोट घालायचाच नव्हता, म्हणून खोलीत फक्त तेच सुखी होते.

मग कमिटीची इमर्जन्सी मीटिंग झाली. पहिला प्रस्ताव: बटणं न लावता घालू, आतून पांढरा शर्ट दिसेल.

"पण काका," मी म्हणाले, "तेव्हा उकडत होतं म्हणून सगळ्यांनी बटणं उघडी ठेवली होती, असं फॅक्समध्ये आहे?"

दुसरा प्रस्ताव: मागून कापायचा, समोरून सेफ्टी पिना.

"मागे वळलो की?" कुणीतरी विचारलं.

"मागे वळायचंच नाही. शूर माणसं पाठ दाखवत नाहीत."

तिसरा प्रस्ताव कुणी मांडला ते मी सांगणार नाही, पण त्यात 'हॉटेल' हा शब्द होता. पप्पा उठून बाल्कनीत गेले.

तेवढ्यात आई आतून आली. तिने सोफ्यावर पडलेला पप्पांचा कोट उचलला, झटकला, आणि माझ्याकडे केला. "घाल जरा. शिलाई कशी बसलीये ते तरी बघू. अंगात गेल्याशिवाय काही कळत नाही."

मी घातला. उजवा हात, डावा हात. गळ्याचं बटण, मग खालचं, मग त्याखालचं. काही अडलं नाही. खांदे खांद्यांवर बसले, बाह्या मनगटाशी थांबल्या. डावा खांदा एक बारीकसा खाली होता. हुसैनमियाँनी नमुन्यात होता तसा ठेवला होता. कॉलर हनुवटीला लागत होती, त्यामुळे मान आपोआप वर गेली.

आई माझ्यामागे उभी राहून पाठीवरून हात फिरवत होती, शिलाई बघत असल्यासारखी.

"पप्पा एवढे बारीक होते?" मी विचारलं.

"एवढेच," आई म्हणाली. "त्यात सहा महिने कंपनीच्या मेसचं खाल्लं. फोटो पाठवला तेव्हा अजून बारीक झाले होते." मग तिने डाव्या खांद्यावर बोट ठेवलं. "हा खाली आहे ना, तो टूल्सच्या बॅगेने. इंडियातल्या नोकरीत बॅग डाव्या खांद्यावर असायची."

मी प्रेमानंदकाकांकडे वळले. ते अजून हात वर करून उभे होते. भावना त्यांची बाही ओढत होती.

"काका," मी म्हणाले, "हा उरला."

काकांनी तोंड उघडलं. ऐतिहासिक सत्य येणार होतं, मला दिसत होतं. पण त्यांच्या काखेत कोट होता आणि तो त्यांना श्वास घेऊ देत नव्हता.

"हा एकच नाही," भावना म्हणाली आणि तिने शेवटचा झटका दिला. कोट बाहेर आला. तिने तो स्वतःच्या अंगात घातला आणि बटणं लावली, आपल्या वडिलांच्या डोळ्यांसमोर, एकेक करून. "बाराच्या बारा उरलेत."

"पण मुली..." काका म्हणाले.

"प्रेमानंदभाऊ," आई म्हणाली, आणि पहिल्यांदाच त्या मीटिंगमध्ये बसली, "चित्रातला माणूस बघा आणि हिला बघा. आणि मग तुम्ही सगळे आरशात बघा. अस्सल कोण दिसतंय ते कमिटीने सांगावं. पाहिजे तर हात वर करा."

कुणीच हात वर करण्याच्या परिस्थितीत नव्हतं, त्यामुळे मतदान झालं नाही. बाल्कनीतून पप्पा आत आले. त्यांनी मला बघितलं. मला वाटलं आता 'प्रणाली' म्हणणार. पण ते जवळ आले आणि माझा डावा खांदा बोटाने थोडा वर ओढून बघितला. तो परत खाली आला.

"कवायत कोण घेणार?" त्यांनी विचारलं.

"मीच. अजून कोण?"

"आणि स्वागतगीतातली बाकीची मुलं कवायत शिकणार कधी? कार्यक्रम उद्या आहे."

"पप्पा, त्यातले नऊजण गाइड्स आणि स्काउट्समध्येच आहेत. त्यांना डावा पाय माहीत आहे."

प्रश्न एकच उरला. सगळी मुलं सैन्यात गेली तर स्वागतगीत कोण म्हणणार? सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. बारा माणसं रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी, दोन जानेवारीला, वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, आणि मग बारा काका पांढऱ्या शर्टांत स्टेजवर आले. शर्ट अंगाला बसणारे होते. आईने प्रत्येकाच्या घरी फोन करून सांगितलं होतं. त्यांच्या हातात फुलं होती. 'या या पाहुण्यांनो' त्यांनी तीन वेगवेगळ्या सुरांत म्हटलं. दुसऱ्या कडव्याला प्रेमानंदकाकांनी कागद काढला. पप्पा टोकाला उभे होते आणि ठेका धरताना त्यांच्या खिशात काहीतरी खुळखुळत होतं.

ते काय, तर किल्ली. प्रमुख पाहुणे तेच मागच्या वर्षीचे साहेब होते, कमिटीला दुसरे साहेब माहीत नाहीत. दाराशी पप्पा फुलं घेऊन उभे, साध्या पांढऱ्या शर्टात. साहेबांनी पुन्हा स्माईल दिलं आणि पुन्हा त्यांच्या हातात किल्ली ठेवली. म्हणजे दोष कोटाचा कधीच नव्हता. पण या वेळी पप्पांनी गाडी हलवली नाही. किल्ली खिशात टाकली आणि म्हणाले, "जय भीम साहेब, बसा. कार्यक्रम संपला की देतो." एरवी प्रमुख पाहुणे हार घातल्यावर पंधरा मिनिटांत निघून जातात. हे शेवटपर्यंत बसले. त्यांना पर्याय नव्हता.

मग आम्ही आलो. आईने केलेल्या पुठ्ठ्याच्या टोप्या, पेनच्या खिशावरून पांढरे आडवे पट्टे, आणि बारा लाल कोट. दिव्यांखाली आत एवढं उकडत होतं की मला वाटलं, यात रात्रभर चालून दिवसभर लढले ते लोक वेगळेच असणार. मी 'सावधान' म्हटलं. डोळे उघडे ठेवून. बारा टाचा एकदम वाजल्या. हॉलमध्ये कुणी हसलं नाही. मागच्या वर्षी या जागी हसले होते. मी तेव्हा फुलं घेऊन विंगेत होते, मला ऐकू आलं होतं. या वेळी एवढी शांतता होती की कॅसेटवरचा शत्रू सुरू व्हायच्या आधीची खरखर सगळ्यांना ऐकू आली. पहिल्या रांगेत उत्तमकाका उठून उभे राहिले. मग त्यांच्या मागचे. साहेबही उठले, बहुतेक त्यांना वाटलं संपलं.

घरी येताना मी कोट काढला नाही. पप्पांनी गाडीचा एसी फुल केला.

"माझा आहे तो," थोड्या वेळाने ते म्हणाले.

"घाला मग."

मागच्या सीटवर आई हसली. तिच्या मांडीवर सहमहून परत आलेल्या मापाच्या शर्टांची पिशवी होती. त्यातून तिने क्रीम कलरचा शर्ट बाहेर काढला आणि उलगडून दिव्यात धरला.

"हा आता तुमच्या बॅगेत नको," ती म्हणाली. "हिच्या कपाटात ठेवते. पुढे काही शिवायचं झालं, तर मापाला देता येईल."